न विचारता आलेले चेंडू

८ मार्चच्या, महिला दिनाच्या पुरवणीत ते चित्र असतंच. साडी नेसलेली, हसऱ्या चेहऱ्याची, आठ-दहा हातांची बाई. एका हातात लॅपटॉप, एकात लाटणं, एकात बाळ. ऑफिसात त्या दिवशी गुलाब मिळतो आणि कुणीतरी म्हणतंच, ‘तुम्ही बायका एवढं सगळं एका वेळी कसं काय जमवता हो!’ माझी तक्रार या कौतुकाबद्दल आहे.

एका वेळी बरंच काही झेलणाऱ्या बायकांचं खरं चित्र पाहायचं, तर इजिप्तमध्ये बेनी हसन इथे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचं एक थडगं आहे. त्याच्या भिंतीवर चेंडू उडवून झेलणाऱ्या बायका रंगवल्या आहेत. त्यांना प्रत्येकी दोनच हात आहेत. चित्रकाराने त्यांचा खेळ नीट पाहिला होता.

असा खेळ करणारा जगलर प्रत्येक चेंडू स्वतः फेकतो. कधी आणि किती उंच, हे त्याचं ठरलेलं असतं. त्याची नजर हातांवर नसते; चेंडू वर जाऊन खाली वळतो त्या टोकावर असते. फेक दर वेळी सारखी असते म्हणून हात आपसूक जागेवर पोचतात. माझ्या दिवसातली फेक मात्र माझी नसते. मीटिंग सुरू असताना गॅसवाल्याचा फोन येतो, ‘मॅडम, ओटीपी सांगा.’ शाळेच्या ग्रुपवर रात्री निरोप येतो की उद्या पिवळं कार्डशीट द्या. तोवर कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान बंद झालेलं असतं. सोसायटीचा प्लंबर दारात उभा राहून मलाच फोन करतो, आणि नवरा त्या दाराच्या आत बसलेला असतो. कारण सगळीकडे नंबर माझा दिलेला आहे.

१९४८ साली माहितीच्या शास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन स्वतः जगलिंग करत. स्टीलचे चेंडू उडवणारं यंत्रही त्यांनी बनवलं होतं. त्यांनी या खेळाचं एक समीकरण मांडलं : चेंडू किती वेळ हवेत, किती वेळ हातात आणि हात किती वेळ रिकामा, यांचा चेंडूंच्या आणि हातांच्या संख्येशी मेळ बसावा लागतो. हात तेवढेच ठेवून चेंडू वाढवायचा, तर तो जास्त वेळ हवेत राहायला हवा. आणि हवेतला वेळ दुप्पट करायचा तर चेंडू चौपट उंच जावा लागतो. ते जमत नसेल तर चेंडू हातात कमी वेळ धरा, किंवा रिकाम्या हाताचा वेळ कापा. घरात आणि ऑफिसात काम वाढतं तेव्हा हा शेवटचाच मार्ग निवडला जातो, आणि रिकाम्या हाताचा वेळ नेहमी बाईचाच कापला जातो. माझा दुपारचा चहा असाच गेला.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो दोघांनी मिळून खेळायच्या प्रकाराची आठवण झाली की. दोन जगलर समोरासमोर उभे राहतात. दोघं हातातले क्लब, म्हणजे उडवायचे दांडके, एकदम वर उचलतात, एकदम खाली आणतात आणि त्याच ठेक्यावर सुरुवात करतात. कितव्या मोजणीला क्लब समोरच्याकडे जाणार, हे आधीच ठरलेलं असतं. समोरचा तयार नसेल तर कुणी फेकत नाही. क्लब पडतात, सरावात तर सारखे पडतात. उचलून पुन्हा सुरुवात होते. आमच्याकडे एकदा डब्यात चमचा घालायचा राहिला तर त्याची गोष्ट आठवडाभर चालते.

म्हणून मला गुलाब नको. निरोप शाळेने दुकानं उघडी असताना पाठवावेत. मीटिंगची वेळ विचारून ठरवावी. गॅस एजन्सीत मोबाइल नंबर बदलून मिळतो. ते काम नवऱ्याने स्वतः करावं, आपला नंबर द्यावा, आणि अर्जाचा फोटो मला पाठवून ‘एकदा बघून घे’ असं म्हणू नये.