धुऱ्यावरचा गॉगल

फोनने आपल्याच मर्जीने बनवलेला 'माझं २०२५' नावाचा व्हिडिओ वाशिमच्या मालेगाव तालुक्यात स्टेटसोस्टेटसी वाजला. त्यात पेरणी आहे, डवरणी आहे, पोळा आहे, शिरपूरचं दर्शन आहे, लोणारचा सूर्यास्त आहे, आणि समृद्धी महामार्गावर जिथे गाडी थांबवायला मनाई आहे नेमका तिथेच थांबून काढलेला फोटोही आहे. बारा महिने हजेरी न चुकवलेली वस्तू मात्र एकच, ती म्हणजे गॉगल. ढगाळ आषाढात गॉगल, दिवेलागणीला गॉगल. पोळ्याला बैलालाही घातला, आणि खरं सांगायचं तर मालकापेक्षा त्यालाच जास्त शोभला.

फोटो शेतातला असतो, खाली 'बळीराजा' लिहिलेलं असतं, पण राजाने दोन तृतीयांश जागा व्यापल्यावर सोयाबीनला उरतो उजवीकडचा कोपरा. पीक शोधायचंच असेल तर फोटो मोठा करून गॉगलच्या काचेत बघावं. तिथे, डाव्या भिंगात, संपूर्ण वावर दिसतं, धुऱ्यावरच्या बाभळीसकट. यापुढे तलाठ्याने बांधावर यायची गरज नाही, भिंगावरूनच पंचनामा करावा. डाव्या काचेत खरीप, उजव्या काचेत रब्बी, आणि वाटण्या झालेल्या भावांनी एकेक काच धरावी. यात एकच अडचण आहे, आणि इथे हसू थांबतं. काच काळी असते आणि फोटोवर फिल्टर हिरवा असतो. पिवळ्या मोझॅकने पानं हळदीसारखी झालेलं सोयाबीन त्या फिल्टरमधून पाचूसारखं निघतं. स्वतःचं नुकसान स्वतःच्या अंगठ्याने पुसून टाकायचं, वर त्यावर दीडशे बदाम मोजायचे, आणि मग कोणी आपल्या पिकाची दखल घेत नाही म्हणून बोंब मारायची! दखल घ्यायला पीक दाखवलं कधी?

कोणी म्हणेल, फोन आमचा, रिचार्ज आमचा, कष्टकऱ्याने दोन घटका मिरवलं तर तुमच्या पोटात का दुखतं? मिरवा की. रडका फोटो टाका असं कोण म्हणतंय? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पूर्वीही लोक स्टुडिओत जाऊन, मागून आणलेला कोट चढवून, ताजमहालाच्या पडद्यापुढे उभे राहतच होते. खरं आहे. पण तो पडदा रंगवलेला आहे हे फोटोवाल्यालाही ठाऊक होतं आणि कोटवाल्यालाही. फोटो झाला की पडदा गुंडाळून ठेवत आणि माणूस शेतात जाई. आता शेताचाच पडदा झाला आहे. म्हणून सोंगणीनंतर वर्ष एकदम कोरं होतं. सुडी भिजली त्याचा फोटो नाही, बाजारात ओलाव्याच्या नावाखाली भाव कापला त्या काटापट्टीचा फोटो नाही. पडदा गुंडाळला, विषय संपला. पुढचा फोटो थेट हुरड्याचा, गॉगलसह.

आता हिशेब बघा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये ठरला होता. हमीभावाच्या खरेदीच्या नोंदणीला सातबारावर पिकाची नोंद लागते, आणि ती नोंद फोनवरच्या ई-पीक पाहणी ॲपमधून होते. ही सोय १५ ऑगस्ट २०२१ पासून आहे. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, एवढंच. कधी रेंज जाते, कधी ॲप फिरत बसतं, हे मान्य. पण त्याच धुऱ्यावरून, त्याच दुपारी, गाण्यासकट रील चढते! वर्षाकाठी हजार फोटो काढणाऱ्या हाताला ज्या एका फोटोचे पैसे होतात तोच तेवढा जड का जावा? कारण उघड आहे. त्या फोटोत आपण नसतो. तिथे पीक लागतं, चेहरा लागत नाही.