बलून फक्त 5 वेळा

शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांत पोराला घालायचं, तर अर्ज भरताना आपलं घर नकाशावर बलून टेकवून दाखवावं लागतं. जास्तीत जास्त 5 वेळा. तेवढ्यात नाही सापडलं, तर घर तुमचंच चुकीच्या जागी आहे असं समजावं.

मल्टिसर्व्हिसेसच्या टपरीत हा सोहळा बघण्यासारखा असतो. माऊस दुकानदाराच्या हातात, घर मावशीचं. "मावशी, मारुतीचं देऊळ दिसतंय, त्याच्या कुठल्या अंगाला?" मावशी त्या देवळावरून रोज जाते, पण आभाळातून कधी गेलेली नाही. पहिला बलून नाल्यात. दुसरा मॉलच्या पार्किंगमध्ये. तिसरा थेट टॉवरवर. दुकानदार घाम पुसतो, मावशी मात्र खूश. त्या टॉवरमध्ये ती तीन घरची भांडी घासते, म्हणजे पत्ता अगदीच खोटा नाही!

एवढी काटेकोर मोजणी का, तर शाळा 1 किलोमीटरच्या आत की 1 ते 3 किलोमीटरमध्ये, हे ठरायला हवं. आणि अंतर हवाई. मध्ये रेल्वेचे रूळ असोत, खाडी असो, हायवे असो, सहा वर्षांचं पोरगं कावळ्यासारखं सरळ रेषेत उडत शाळेत जाणार, असा नियमाचा भाबडा विश्वास. उरलेल्या 75 टक्क्यांना बलून नाही. ती बाळं एसी बसमध्ये पेंगत शहराच्या दुसऱ्या टोकाहून आली तरी कोण विचारतो? त्यांची चाळणी वेगळी. याच कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी चाळणी लावायला बंदी आहे; पहिल्या गुन्ह्याला 25 हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी 50 हजारांपर्यंत. म्हणून मुलाखत कुणीच घेत नाही. नुसत्या गप्पा मारतात. बाबा कुठल्या कंपनीत, आईला इंग्रजी जमतं का, गाडी कुठली. आणि 25 हजार म्हणजे किती? बड्या शाळेच्या गॅदरिंगला याहून जास्त पैशांची फुलं लागतात.

बरं, लॉटरीत नाव लागलं, पोरगं आत गेलं. पण हा हक्क आठवीपर्यंतच. नववीला फीचं पत्र येतं, पूर्ण आकड्याचं. आठ वर्षं ज्याच्या डब्यातला पराठा खाल्ला, तो मित्र पुढे क्लास-कॉलेजच्या 'इंटिग्रेटेड'मध्ये; ज्युनिअर कॉलेजात हजेरी लागते, पाय लागत नाही. क्लासमध्ये परत स्कॉलर बॅच वेगळी, बाकीचे वेगळे. शेवटी सीईटीचा पर्सेंटाइल येतो दशांशचिन्हापुढे सात आकडे लावून. वा! सातव्या आकड्यापर्यंत न्याय! नववीच्या फीपायी बाहेर पडलेलं पोरगं त्यातल्या कुठल्या आकड्यात दिसतं, हे कुणी सांगेल का? कुणी नाही. उलट दरवर्षी चर्चासत्र होतं, 'वंचित मुले उच्च शिक्षणात मागे का?' चहा होतो, सामोसे होतात, ठराव होतो: पालकांमध्ये जागृती हवी.

अहो, ही माणसं पहाटे पाचला पाण्याच्या रांगेत असतात. अजून किती जागं करायचं त्यांना?