केसांना दाखला हवा

1970च्या दशकात सिंगापूरच्या सरकारी कचेऱ्यांत एक पोस्टर असे : लांब केसांच्या पुरुषांचं काम सर्वांत शेवटी होईल. लांब म्हणजे किती, तेही ठरवून दिलेलं. कपाळावरून भुवयांना टेकणारे, कान झाकणारे किंवा शर्टाच्या कॉलरखाली उतरणारे. म्हणजे बाबूनं आधी कान बघायचे, मग कागद. ही योजना आपल्याकडेही यावी, असं आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींना मनापासून वाटतं. अडचण एवढीच, की आपल्या खिडकीवर टक्कल पडलेल्या माणसाचं कामसुद्धा शेवटीच होतं.

1972 साली लेड झेपलिन या ब्रिटिश बँडचा सिंगापुरातला कार्यक्रम केसांपायी रद्द झाला. त्यातले पेज आणि प्लांट त्याच वर्षी मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेले. मुंबईनं केसांचा विषयच काढला नाही. पाहुणे, त्यातून गोरे. तेच केस घेऊन गिरगावातला एखादा मुलगा जेवायला बसला असता, तर आमटीआधी "काय रे, न्हावी संपावर गेलाय का?" हे वाढलं गेलं असतं.

मराठी घराचं लांब केसांशी वाकडं नाही, हे मात्र मान्य करायला हवं. वाकडं आहे ते विनापरवाना केसांशी. देवघरात शंकर जटांसकट चालतो. त्या जटांतून तर गंगाच वाहते. दारात आलेल्या साधूच्या जटा दिसल्या, की आजी वाकून नमस्कार करते आणि आत वळून नातवाला म्हणते, "त्या झिपऱ्या काप आधी!" झाकीर हुसेन यांचे केस तबल्याबरोबर उडायचे, तेव्हा चहाची जाहिरात पाहणारं अख्खं घर खूश असायचं. शाळांची तर कमाल आहे. भिंतीवर एका बाजूला आइन्स्टाइन, दुसऱ्या बाजूला कलाम. दोघांच्या मधोमध उभं राहून सर नववीतल्या पोराला कटिंग करून यायला घरी पाठवतात. आधी राष्ट्रपती हो, मग भांग पाड, असा तो क्रम.

धोनीनं हा क्रम जगजाहीर केला. 2006 साली लाहोरात भारत जिंकला आणि जनरल मुशर्रफ यांनी बक्षीस समारंभात त्याला केस कापू नकोस असा सल्ला दिला. घरोघरच्या पोरांना आयुष्यात प्रथमच एक लष्करशहा आपल्या बाजूचा वाटला. पण धोनीनं त्या सामन्यात नाबाद 72 धावा काढल्या होत्या. पोरांचे गणितात 27.

आता आयटीतल्या जावयाचा आंबाडा पाहा. पॅकेजचा आकडा कळेपर्यंत सासूबाईंना तो अवलक्षण वाटतो. कळल्यावर तिथेच 'पर्सनॅलिटी' उगवते.

तेव्हा सरकारनं हे चोरून चालणारं काम रीतसर करावं, ही विनंती. केस वाढवू इच्छिणाऱ्या पुरुषानं तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणावा. कान झाकायचे असतील तर कायम नोकरी, मानेवर रुळवायचे असतील तर स्वतःच्या नावावर फ्लॅट, आंबाड्यासाठी क्रीमी लेयर. देव, साधू, उस्ताद आणि शाळेच्या भिंतीवरचे थोर पुरुष यांना दाखल्याची अट शिथिल.