जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा वेग : वाढवणे आणि कमी करणे

गार्डन ट्रॅक्टरचा जमिनीवरचा वेग तीन गोष्टींवर ठरतो : इंजिनाचे मिनिटाला फेरे, ते फेरे चाकापर्यंत पोचेतो पुल्या आणि गिअर मिळून किती पटींनी कमी करतात ते प्रमाण, आणि मागच्या चाकाचा परीघ. चौथी गोष्ट मालकाचा अहंकार. तिला सूत्रात चिन्ह नाही, पण पाना हातात घ्यायला लावते ती हीच.

१९६०-७०च्या दशकांतल्या बहुतेक अमेरिकन ट्रॅक्टरांचे इंजिन पूर्ण थ्रॉटलला ३६०० फेऱ्यांपर्यंत जाते. मागचा टायर २३ इंची असेल तर त्याचा परीघ साधारण १.८३ मीटर. वरच्या गिअरमध्ये एकूण प्रमाण ६० धरले, तर चाक मिनिटाला ६० फेरे घेते आणि ट्रॅक्टर ताशी साडेसहा किलोमीटरने चालतो. संध्याकाळी फिरायला निघालेला धडधाकट पेन्शनर याच्याशी गप्पा मारत जाऊ शकतो. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याचे गवत कापायचे, जागच्या जागी वळणारे नवे झीरो-टर्न यंत्र मात्र ताशी दहा-बारा किलोमीटरने निघून जाते, आणि जाताना शेजारी हात हलवतो. वेग वाढवण्याची तांत्रिक गरज येथे उद्भवते.

या गरजेपायी गिअर बदलणारा मालकवर्ग उथळ असतो. प्रस्तुत लेखक याच वर्गातला आहे. पण तो पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर असल्याने त्याचा उथळपणा आकडेमोडीसह येतो.

पहिला मोह फेरे आवरून धरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणून इंजिनच जोरात पळवण्याचा. तो सोडावा. त्या काळच्या कोहलर के-मालिकेच्या इंजिनात कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याला तेल मिळते ते खालच्या पळीने उडवलेले. फेरे वाढले की रॉड तुटतो आणि बिडाच्या ब्लॉकला खिडकी पाडून बाहेरचे जग बघतो.

दुसरा आणि शहाणा मार्ग पुलीचा. व्हील हॉर्स ही कंपनी १९४६ साली इंडियानातल्या साउथ बेंडला सुरू झाली. तिच्या जुन्या ट्रॅक्टरांत इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे शक्ती जाते ती व्ही-बेल्टने. इंजिनावरची ४ इंची पुली काढून ५ इंची बसवली की प्रत्येक गिअरमधला वेग २५ टक्के वाढतो. बेल्टही लांब घ्यावा लागतो, आणि आयडलर पुली बेल्ट नीट ताणत नसेल तर क्लच सोडल्यावर ट्रॅक्टर जागीच विचार करत बसतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१मध्ये आणलेल्या पहिल्या कब कॅडेटमध्ये असा बेल्ट होता; १९६३पासूनच्या मॉडेलांत थेट शाफ्ट आला आणि पुलीवाल्यांची सोय संपली. तिथे टायर बदलणे हाच सोपा उपाय. २३ इंचीऐवजी २६ इंची टायर बसवला तर वेग १३ टक्के वाढतो, मडगार्ड घासते आणि सीट इतकी वर जाते की शेजाऱ्याकडे खाली बघता येते. काहींना तेवढेच पुरते.

या ठिकाणी थोडे विषयांतर आवश्यक आहे. १९७३ साली इंग्लंडमध्ये वेस्ट ससेक्समधल्या विझबरो ग्रीन गावी क्रिकेटर्स आर्म्स नावाच्या पबमध्ये काही मंडळी जमली. मोटार-शर्यती फार महाग झाल्या, आपल्याला परवडेल अशी शर्यत कोणती, हा प्रश्न होता. बाहेर हिरवळीवर एक जण गवत कापत होता. ग्लास रिकामे होईतो ब्रिटिश लॉनमोवर रेसिंग असोसिएशनची कल्पना भरून आली. पाती काढून टाकायची, प्रायोजक घ्यायचा नाही, रोख बक्षीस ठेवायचे नाही. तिथे १२ तासांची शर्यतही होते, रात्रभर, शेतात. फॉर्म्युला वनमध्ये १६ शर्यती जिंकलेल्या स्टर्लिंग मॉस यांनी ही शर्यतही जिंकली. पुढे होंडाने मोटरसायकलचे १००० सीसीचे इंजिन गवत कापण्याच्या यंत्रात बसवले आणि २०१४ साली स्पेनमध्ये ताशी १८७ किलोमीटरचा विक्रम केला. गवत कापायची सोयही तशीच राखली होती. ताशी १८७ने कापायला इतके गवत कोणाकडे असते, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला विक्रमाच्या चित्रफिती वारंवार पाहूनही सुटलेला नाही. चित्रफिती अजून पाहाव्या लागतील. विषयांतर समाप्त.

वेग २५ टक्के वाढवल्याने तासाभराचे काम, वळणे सोडून दिली तर, ४८ मिनिटांत होते. वाचलेली १२ मिनिटे पुली कशी बदलली हे शेजाऱ्याला सांगण्यात जातात. गवताला मात्र हा हिशोब मान्य नसतो. पात्यांचे फेरे तेवढेच आणि ट्रॅक्टर पुढे पळतो, त्यामुळे दाट गवत धड कापले जात नाही, मधूनमधून उभ्या शेंड्या राहतात. शिवाय १० अश्वशक्तीचे इंजिन पुली बदलून ११चे होत नाही. वेग वाढला त्या प्रमाणात चाकावरचा जोर कमी होतो, आणि चढावर हे कळते.

खरी उपयोगाची दिशा उलटी आहे. मागे रोटरी टिलर लावून माती भुसभुशीत करायची किंवा पुढच्या यंत्राने साचलेला बर्फ उडवायचा, तर ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी चालायला हवा आणि इंजिन पूर्ण फेऱ्यांवर राहायला हवे. म्हणून कब कॅडेटसाठी क्रीपर गिअर वेगळा मिळत असे. व्हील हॉर्सच्या आठ गिअरच्या पेटीत सहा पुढचे आणि दोन मागचे गिअर, त्यांतले हळू जाणारे निम्मे बहुतेक मालकांनी कधी लावूनही पाहिलेले नसतात. लहान पुली बसवून ट्रॅक्टर मुद्दाम मंद करणारा माणूस विरळा, आणि शेजारी त्याला हात हलवत नाही.

हे जुने ट्रॅक्टर बहुधा पहिला मालक गेल्यावर विकायला निघतात. बॉनेट उचलले की आतल्या पत्र्यावर पेन्सिलीने बेल्टचे नंबर लिहिलेले सापडतात, तेल बदलल्याच्या तारखा, एखाद्या वर्षी अक्षर थरथरलेले. पुढे ट्रॅक्टर कोणाच्या हाती जाईल हे त्या माणसाला ठाऊक नव्हते, तरी नंबर सुवाच्य आहेत. आज दुकानात मिळणाऱ्या स्वस्त लॉन ट्रॅक्टरांत हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हची पेटी बंद येते. अनेकांना तेल बदलायला बूचही ठेवलेले नसते. बिघडली की पेटीच बदला, आणि पेटीची किंमत विचारली की विक्रेता नवा ट्रॅक्टर दाखवतो. याला प्रगती म्हणणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक वाद घालत नाही. त्यांना तो पेन्सिलीचे नंबर दाखवतो.

वेग वाढवणाऱ्याने शेवटी ब्रेक पाहावा. वेग सव्वापट झाला की थांबायला दीडपटीहून थोडे जास्त अंतर लागते, आणि जुना बँडब्रेक पहिल्या वेगालाही फारसा उत्साही नसतो. या ट्रॅक्टरांना सस्पेन्शन नाही, बहुतेकांना उलटल्यावर वाचवणारी चौकटही नाही, म्हणून उतारावर आडवे जाऊ नये. मोठी पुली मागच्या गिअरचा वेगही तेवढाच वाढवते. गॅरेजमध्ये ट्रॅक्टर रिव्हर्सने घेण्याची सवय असेल, तर दार आधी पूर्ण उघडावे.