गराजकर

डेट्रॉइटच्या भोवतालच्या ट्रॉय, नोव्हाय, कँटन अशा कुठल्याही उपनगरात जा, एक तरी मराठी घर असं सापडतंच, ज्याच्या दोन्ही गाड्या बाहेर बर्फात उभ्या असतात आणि गराजमध्ये एक पत्र्याची पेटी ऐसपैस बसलेली असते. घरमालकाचं आडनाव काहीही असो, मंडळात त्यांना गराजकरच म्हणतात. पिंपरीच्या कारखान्यात उमेदवारी, मग डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात तीसेक वर्षं आणि आता निवृत्ती. हाताला काम नाही आणि डोक्याला स्वस्थता नाही.

पेटी घरात आली ती विळीच्या निमित्ताने. वहिनींनी सांगलीहून आणलेली विळी तळघरातल्या ओलीने गंजली. "जरा घासून द्या हो," एवढंच त्या म्हणाल्या. काचकागदाने दहा मिनिटांचं काम. पण दहा मिनिटांचं काम दहा मिनिटांत उरकणं हा गराजकरांच्या मते इंजिनिअरिंगचा अपमान आहे. ते गेले आणि दीडशे डॉलरची सँडब्लास्टिंगची पेटी घेऊन आले. वर काच, पुढे दोन भोकं, भोकांना आत अडकवलेले लांबलचक रबरी हातमोजे आणि आत एक पिस्तूल. पिस्तुलातून दाबाची हवा सुटते, जाताजाता तळातलं ग्रिट, म्हणजे खरखरीत कण, ओढून घेते आणि समोरच्या वस्तूवर आपटते. गंज जातो, रंग जातो, वर्षानुवर्षांचा कार्बनही जातो.

"एवढी हौस होती तर चांगली महागाची का नाही घेतली?" असं कुणी विचारलं की गराजकरांना त्या माणसाची कीव येते. "महागाच्यात आपण करण्यासारखं काय शिल्लक असतं?"

स्वस्ताच्या पेटीत मात्र सगळंच शिल्लक होतं. पहिल्याच दिवशी प्रत्येक सांध्यातून धुरळा उडाला आणि गराजकर आहेत त्याहून म्हातारे दिसू लागले. मग गळती शोधण्याची मोहीम निघाली. पेटीत दिवा लावायचा, गराज काळोखं करायचं आणि उजेडाची चीर दिसेल तिथे सिलिकॉन भरायचं. रात्री अकराला वहिनी खाली आल्या तेव्हा सगळीकडे अंधार, मधोमध आतून उजळलेली पेटी आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर नवरा.

"अहो, प्राणप्रतिष्ठा झाली का? नैवेद्याला काय करू?"

गळती थांबली तशी धूळ आतच कोंडली आणि काचेतून काही दिसेना. म्हणून घरातला व्हॅक्यूम जोडला. त्याचा फिल्टर तुंबला, म्हणून मध्ये बादलीवरचा सायक्लोन बसवला: धूळ गरगर फिरून बादलीत बसते, हवा पुढे जाते. आता दिसू लागलं ते एवढंच, की आतला दिवा मिणमिणता आहे. एलईडीच्या पट्ट्या आल्या. काच ग्रिटने धूसर होऊ नये म्हणून तिच्यावर बदलता येणारी फिल्म आली. सिरॅमिकचं नोझल स्वतःच झिजत होतं, आणि नोझलचं भोक दुप्पट रुंद झालं की हवा चौपट लागते, म्हणून कार्बाइडचं आलं. तरीही जुना कॉम्प्रेसर धापा टाकत होता, म्हणून साठ गॅलनचा आला. त्याला २४० व्होल्ट लागतात, म्हणून इलेक्ट्रिशियन आला. जुलैच्या दमट हवेत नळीत पाणी साचून ग्रिटचे गोळे होऊ लागले, म्हणून पाणी अडवणारा ट्रॅप आला. दीडशेच्या पेटीवर चौदाशे डॉलर चढले. हा हिशेब वहिनींच्या वहीत आहे. गराजकरांच्या हिशेबात अजून बचतच चालू आहे.

पाहुण्यांना ते पेटीचं कुळही सांगतात. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमनने १८७० साली वाळूच्या फवाऱ्याचं पेटंट घेतलं. हा गृहस्थ अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेला. पण नावात 'सँड' आहे म्हणून कुणी "मग लेक मिशिगनच्या काठची वाळू फुकटच की!" असं म्हणालं, तर हसरे गराजकर एकदम गंभीर होतात. "वाळूत सिलिका असते. तिची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस. तो बरा होत नाही. आपण लहानपणी पाटीवर पेन्सिल गिरवली, ती पेन्सिल कापणारे मंदसौरचे कामगार याच रोगाने गेले. ब्रिटनने १९४९च्या नियमांत या कामातून वाळू हद्दपार केली. इथे नायॉश या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेने १९७४ साली तशीच शिफारस केली." त्यांच्या पेटीत ॲल्युमिनियम ऑक्साइड नाहीतर काचेचे मणी, आणि पेटी बंद असली तरी तोंडावर मास्क. याबाबतीत त्यांची थट्टा करायची सोय नाही.

सोड्याच्या बाबतीत आहे. शताब्दीसाठी डागडुजी करताना स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या आतल्या बाजूचं डांबर खायच्या सोड्याचा फवारा मारून काढलं होतं. हे कळल्याबरोबर वहिनींचा डबा गराजमध्ये गेला.

"एवढ्या मोठ्या पुतळ्याला सोडा चालतो!"

"त्या पुतळ्याच्या घरी संध्याकाळी ढोकळा नव्हता."

पेटी सर्वांगसुंदर झाली आणि मोठाच पेच पडला. घरात गंजलेलं काही उरलं नव्हतं. विळी तर वहिनींनी केव्हाच स्वतः घासून वापरात घेतली होती. तेवढ्यात गणपती आले आणि मंडळाच्या शेडमधल्या लेझीमा गराजकरांच्या हाती लागल्या. दोन दिवस पेटी घुमत होती. लेझीमा अशा निघाल्या, की पोरं म्हणाली, नव्याच आणल्यात. गराजकरांनी त्या रात्रभर तशाच टेबलावर मांडून ठेवल्या. ब्लास्ट केलेलं लोखंड अगदी उघडं असतं, दमट हवेत त्याला लगेच गंज धरतो. तेल किंवा प्रायमर त्याच दिवशी लावावा लागतो. सकाळी सगळ्या लेझीमा केशरी.

दुसरा कुणी कपाळावर हात मारून घेता. गराजकर मात्र दाढी न करताच डिह्युमिडिफायर बघायला बाहेर पडले.

तुमच्याही गावात एखादे गराजकर असतील. गंजलेली वस्तू त्यांच्याकडे बिनधास्त द्या, काम चोख होतं आणि पैसे घेत नाहीत. फक्त तेलाची बाटली आपली न्या, आणि कार्यक्रमाची तारीख महिनाभर अलीकडची सांगा.