वेळेवर भूक लागणाऱ्यांचं शहर

चेन्नईत संसार मांडायचा तर आधी घड्याळ नीट लावून घ्यावं. उन्हाचं, घामाचं आणि भाषेचं काय ते पुढे बघता येतं. पण दुपारी साडेतीनला जुन्या वळणाच्या एखाद्या हॉटेलात शिरून ‘मील्स’ मागितलंत, तर वाढपी मान हलवतो. ती नेमकी कुठल्या बाजूला हलली हे कळायला नवख्याला वेळ लागतो, पण उत्तर ‘नाही’ असतं. भर दुपारी एकला डोसा मागा, पुन्हा तीच मान. दुपारी मील्स, उन्हं कलली की टिफिन, यात अदलाबदल नाही. एक ते चार दुकानं बंद ठेवणाऱ्या पुण्यातून आम्ही दोघं आलो, तेव्हा शिस्तीचं अप्रूप आम्हाला नव्हतंच. फरक इतकाच, की पुण्यातली शिस्त दुकानदाराच्या झोपेसाठी असते, इथली गिऱ्हाइकाच्या भुकेसाठी.

नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही मैलापूरला राहायला आलो. मुलं आपापल्या गावी, घरात दोघंच. दोघांच्या घरात संध्याकाळी एक प्रश्न हटकून निघतो: आज काय करायचं? पुण्यात यावरून आमचं रीतसर भांडण व्हायचं. मला पाय मोकळे करायचे असायचे, त्याला काहीतरी खायचं असायचं. चेन्नईत त्या भांडणाला जागाच उरली नाही. इथे फिरणं आणि खाणं ही दोन वेगळी कामं नाहीतच.

कपालीश्वराच्या देवळाला फेरी मारायला म्हणून निघावं, तर वाटेत वर्तमानपत्रं विकणाऱ्या काळत्तीकडे रोझमिल्क. पलीकडे ‘जन्नल कडै’, म्हणजे नावाप्रमाणे खरोखरच एक खिडकी. खिडकीतून इडली-बजी बाहेर येते, पैसे आत जातात, आणि खाणारे रस्त्यावर उभे. माडा स्ट्रीटवर भाजी घ्यायला जावं, तर पालेभाज्यांचेच इतके प्रकार, की मेथी-पालकाच्या शिकवणीवर वाढलेली मी रोज एक नवी जुडी उचलते आणि ती कशी करायची हे भाजीवालीच्या हातवाऱ्यांवरून शिकते. सोमवारी मात्र घरी मुगाची खिचडी. रविवारची वसुली सोमवारी करावीच लागते.

आठवड्यात एकदा पानावरचं जेवण. पानावर पाणी शिंपडून ते आपणच पुसायचं. कूटू, पोरियल, अप्पळम आपापल्या जागा धरून बसतात आणि मग मधोमध भात येतो. नवरा लहानपणच्या सवयीनं भातात आळं करतो. वरणाला ते पुरतं, रसमला पुरत नाही. रसम बांध फोडून पानाच्या कडेकडे धाव घेतं. तो डाव्या हातानं कड उचलून धरतो, उजव्या हातानं बांधबंदिस्ती करतो, आणि नेमका त्याच वेळी वाढपी बादली घेऊन पुन्हा हजर. ‘पोदुम’, म्हणजे पुरे, एवढं तमिळ त्याला येतं. पण ते वेळेवर तोंडातून निघत नाही, आणि निघू नये अशीच त्याची इच्छा असते. सांबारभात, रसमभात, शेवटी ताकभात. सुरुवातीला त्यानं एकदा ‘पोळी?’ असं विचारून पाहिलं होतं. हल्ली तो पोळीचं नाव काढत नाही, आणि मी कणकेचा डबा बदलून लहान घेतला आहे.

शुक्रवारी गजरा. इथे मोगऱ्याची माळ हातानं मोजतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल तो एक मुळम. नवरा इंजिनिअर. मापाचं एकक माणसागणिक बदलतं, हे त्याला सहन होत नाही. देवळाच्या दारातल्या सगळ्या फूलवाल्या न्याहाळून त्यानं सर्वांत लांब हाताची शोधून काढली आणि आता आम्ही तिच्याकडूनच घेतो. ती मोजताना बोटं हलकेच दुमडते, हे मी पहिल्याच शुक्रवारी पाहिलं. त्याला अजून सांगितलेलं नाही. गणित जमल्याच्या आनंदात तो मला कॉफी पाजतो, तो कशाला घालवा?

शनिवार टी. नगरचा. रंगनाथन स्ट्रीटवर आपण चालत नसतो, गर्दी आपल्याला चालवत असते. मी 1928 सालच्या ‘नल्ली’त कांजीवरम नुसत्या बघून येते. तोवर तो पाँडी बाजारच्या रुंद केलेल्या पदपथावर बसून माणसं बघतो. दोघांचाही खर्च शून्य, म्हणून संध्याकाळचा नेय रोस्ट, म्हणजे तुपातला डोसा, बिनदिक्कत.

खरा सोहळा रविवारी. आपल्याकडच्या माणसाला समुद्रावर जायचं म्हणजे सूर्यास्त बघायचा, एवढंच ठाऊक. मरीनावर सूर्य आपल्या पाठीमागे, इमारतींच्या आड मावळतो. लोक त्याची दखलही न घेता समुद्राकडे तोंड करून सुंदल खात बसतात. समुद्रातून सूर्य वर येताना बघायचा तर पहाटे उठायला हवं. नवरा उठतो, पण त्याचं श्रेय सूर्याला नाही. किनाऱ्यापासून जवळच ट्रिप्लिकेनचं ‘रत्ना कॅफे’ आहे. तिथे इडलीबरोबर सांबार देत नाहीत, इडली बुडेपर्यंत ओततात. संपलं की पुन्हा ओततात.

हे हॉटेल 1948 साली काढलं ते मथुरेकडच्या गुप्ता कुटुंबानं. आणि सांबार म्हणे आपलं. तंजावरात 1676 पासून 1855 पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. तिथल्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात एकदा आमसुलं संपली, आमटीत चिंच पडली आणि सांबार झालं, अशी दंतकथा आहे. पुरावा काही नाही, पण नवरा ती शेजारच्या टेबलालाही ऐकवायला निघतो. ‘हळू बोल, बिल आपल्यालाच द्यायचंय,’ असं मी त्याला दर रविवारी सांगते. आमच्या इमारतीत एक तंजावरी मराठी आजी आहेत. ही कथा खरी का, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘ते असू दे, तुझ्या आमटीत चिंच कमी पडते.’

डिसेंबर आला की हे वेळापत्रक सभांच्या, म्हणजे गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थांच्या, हवाली होतं. 1928 साली स्थापन झालेल्या म्युझिक अकॅडमीपासून गल्लीतल्या लहान सभागृहापर्यंत सकाळपासून गाणं. काही सभांचं कँटीन गाण्याइतकंच नावाजलेलं. मृदंगाचं ‘तनी आवर्तनम’ सुरू झालं की मागच्या रांगा हळूहळू रिकाम्या होतात आणि कँटीनची रांग वाढते. मृदंगवादकांनी याबद्दल कितीही तक्रार केली तरी अडै-अवियल थांबत नाही. नवरा त्या रांगेत सर्वांत आधी. पण अरुणा साईराम गात असतील तर तो जागचा हलत नाही. शेवटाकडे त्या अभंग घेतात. विठ्ठलाचं नाव आलं की तमिळ मामी-मामांचं सभागृह टाळ्यांचा ठेका धरतं, आणि आमच्या दोघांच्या माना उगाचच ताठ होतात. जणू पंढरपूर आमच्याच नावावर आहे!

तर सांगायचं ते एवढंच. दोघांच्या संसारात प्रेम, समजूतदारपणा वगैरे लागतंच, पण त्याहून आधी दोघांना एकाच वेळी भूक लागायला हवी. ते काम हे शहर परस्पर करून टाकतं. चेन्नईला जोडीनं जाणार असाल, तर बघायच्या जागांची यादी घरीच ठेवा. मील्सला बाराच्या आत पोहोचा, पानावर आळं मोठं करा, आणि काही वाद असलाच तर दुपारीच मिटवा. टिफिनच्या वेळी गरम मेदुवडे येतात, आणि ते कोणाच्या रुसव्यासाठी थांबत नाहीत.