बाईंचे दहा टक्के

तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला निघाली की वाटेत भांडगाव लागतं. गाव वारकऱ्यांना केळी, लाडू, चहा देतं. अंगणवाडीच्या बाईही देतात, पण केळं हातात ठेवता ठेवता कडेवरच्या पोराकडे बघून विचारतात, "तीन पूर्ण झाली का हो? मग गावी गेल्यावर नाव घाला बरं अंगणवाडीत." बिचारा वारकरी विठ्ठलाच्या आधी बाईंना कबूल होतो.

अशा बाई गावोगाव असतात. खांद्याला फुगलेली पर्स, तिच्यात चिंचोके, बाटल्यांची झाकणं, खडू. लग्नात अक्षता पडायच्या आत यजमानांना गाठून, "उरलेल्या पत्रिका टाकू नका हं!" पुढच्या आठवड्यात त्याच पत्रिकांचे गोल, चौकोन, त्रिकोण होऊन पोरांच्या हातात आलेले असतात. नवरदेवाचं नाव त्रिकोणात अर्धंच उरतं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पाया धरला, हे त्यांना प्रशिक्षणात सांगितलेलं आहे. गावात मात्र 'धोरण' हा शब्द त्या तोंडातून काढत नाहीत. उसाच्या बांधावर त्यांची भाषा वेगळी. "अण्णा, टोळी तोडणीला आल्यावर बेणं बदलता येतं का?" अण्णांनी मान हलवली रे हलवली, की "मग नातवाला सोमवारपासून धाडा."

आज्यांशी त्या वादच घालत नाहीत. "खेळायलाच पाठवायचं तर आमच्या दारात काय अंगण नाही?" असं एका आजीनं ठणकावलं, तेव्हा बाईंनी तिच्याच घरातलं ताट मागितलं. त्यात शेंगदाणे नि हरभरे कालवले आणि चार वर्षांच्या नातवापुढे ठेवले. पोरानं जीभ बाहेर काढून एकेक दाणा चिमटीत धरत दोन ढीग लावले. "आजी, अभ्यास चाललाय. चिमूट जमली की पेन्सिल आपोआप जमते." तेवढ्यात एक शेंगदाणा पोराच्या तोंडात गेला. बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि हा पोषण आहार."

पिवळ्या गाडीतून नर्सरीला धाडणारे बाप हे अवघड गिऱ्हाईक. "आमचा झेडपर्यंत म्हणतो!" बाई मनापासून "वा!" म्हणतात आणि पोराच्या पायांकडे बघतात. उजवी चप्पल डाव्या पायात. मग बापही बघतो.

साहेब तपासणीला आले की मात्र बालशिक्षणाचा इतिहास बाहेर पडतो. ताराबाई मोडक, अनुताई वाघ, 1945 चं बोर्डी, पुढे कोसबाड. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. "आणि आपली अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 ची. पन्नाशी गाठली साहेब, तरी लोकांना वाटतं इथं नुसती खिचडी मिळते." साहेबांचा चहा निवतो. मानधनाचं कुणी विचारलं, तर बाईंना एकदम वजनकाटा आवरायचं आठवतं.

त्यांचा खरा फड ग्रामसभेत. टक्केवारीचा विषय निघाला की कुठल्याही गावात माणसं आवाज खाली आणतात, बाई चढवतात. गटार, रस्ता, दिवे आटोपून मंडळी चपला शोधू लागली की मागून येतं, "सरपंच, आमचे दहा टक्के?" ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे, हा नियम ग्रामपंचायत अधिकाऱ्याला शोधावा लागतो, बाईंना पाठ असतो. मागणीही भलीमोठी नसते. "नळ खाली घ्या. पोरांचा हात पोचत नाही." एकदा एका सदस्यानं, "मोठी झाली की पोचेल," असा विनोद केला. बाईंनी त्याला उकिडवं बसवून नळ सोडायला लावलं. अख्खी सभा हसली नि ठराव झाला.

सरपंच घाम पुसत म्हणाले, "बाई, एवढं बोलता, तर निवडणुकीलाच का उभ्या राहत नाही?"

"राहीन की," बाई म्हणाल्या, "पण माझे मतदार अजून चड्डीची नाडी बांधायला शिकतायत."